‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रात्री अकराच्या सुमारास घरात कोणी पोट धरून कळवळू लागलं की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी शांतपणे म्हणतं, “गॅस असेल. ओवा चाव, सोडा घे, कुशीवर पडून राहा. सकाळपर्यंत बघू.” असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात, निष्काळजी तर मुळीच नसतात. त्यांनी संसार केलेले असतात, पोरंबाळं वाढवलेली असतात, कितीतरी पोटदुख्या आल्या तशा गेलेल्या पाहिलेल्या असतात. अलीकडे या घरगुती शहाणपणाला शिकल्यासवरल्यांचीही साथ मिळाली आहे. पोटदुखी बहुतेक वेळा किरकोळ असते, खासगी इस्पितळं घाबरवून पैसे काढतात, गरज नसताना ऑपरेशनं होतात, म्हणून उठसूट इमर्जन्सीत धावू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यातला प्रत्येक मुद्दा कुठे ना कुठे खरा आहे. तीव्र पोटदुखीच्या रात्री मात्र या सगळ्या खऱ्या मुद्द्यांची बेरीज चुकीची निघते. ती कशी चुकते ते मला सविस्तर मांडायचं आहे.

‘बहुतेक वेळा किरकोळ’ हे विधान आधी घेऊ. अपचन, जुलाब, बद्धकोष्ठ, पाळीतल्या कळा, पंगतीतलं तेलकट जेवण यांनी दुखणारी पोटं आपोआप थांबतात, यात वाद नाही. मोठ्या इस्पितळांच्या कॅज्युअल्टीतूनही पोटदुखीच्या पुष्कळ रुग्णांना नेमकं कारण न सापडताच घरी पाठवलं जातं आणि ते बरे होतात. पण हे ‘बहुतेक’ सगळ्या पोटदुख्या एकत्र धरून काढलेलं आहे. काल धडधाकट असलेल्या माणसाला आज असं दुखतंय की त्याला झोप, बोलणं, बसणं काहीच सुचत नाही आणि हे दुखणं तासामागून तास थांबत नाही, तर त्याचा हिशेब निराळा होतो. लंडनचे सर्जन झकरी कोप यांनी १९२१ मध्ये तीव्र पोटदुखीच्या निदानावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पुढच्या कित्येक पिढ्यांचे सर्जन त्यावर शिकले. त्यातला एक नियम असा की, एरवी बऱ्यापैकी प्रकृती असलेल्या माणसाचं पोट तीव्रपणे सहा तास दुखत राहिलं, तर त्यामागे बहुधा सर्जनने लक्ष घालावं असंच कारण असतं. म्हणजे तीव्र, नवं आणि न थांबणारं अशी तीन विशेषणं लावली की ‘बहुतेक’ हा शब्द दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो.

हा सहा तासांचा आकडा काही जण सोयीने उलटा वाचतात आणि सहा तास थांबायला हरकत नाही असं धरतात. कोप यांनी तो डॉक्टरांना सावध करण्यासाठी लिहिला होता, घरी वाट पाहण्याची मुदत म्हणून नाही. फुटलेली महारोहिणी, गर्भनलिकेत फुटलेला गर्भ, आतड्याचा तुटलेला रक्तपुरवठा, पिळा पडलेलं वृषण, ही दुखणी सहा तास देत नाहीत.

घरातली चर्चा नेहमी ‘काय झालं असेल?’ या प्रश्नाभोवती फिरते. एक म्हणतो पित्त, दुसरा म्हणतो मुतखडा, आजी म्हणते बेंबी सरकली. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी हाताशी असताना अनुभवी सर्जनही जिथे चाचपडतो, तिथे स्वयंपाकघरात उभं राहून निदान करण्याची जबाबदारी घरच्यांवर मुळात नाहीच. त्यांनी ठरवायचं ते एवढंच की हे दुखणं कोणी हात लावून तपासल्याशिवाय सकाळपर्यंत ठेवता येईल का. या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या बऱ्याचशा खुणा डोळ्यांना दिसतात.

सर्वांत जास्त चुकीची वाचली जाणारी खूण म्हणजे रुग्णाचं शांत पडून राहणं. मुतखड्याची कळ आली की माणूस गडाबडा लोळतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, कोणत्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. घर घाबरतं आणि त्याला उचलून नेतं. जठराला किंवा आतड्याला भोक पडून आतला ऐवज पोटाच्या पोकळीत सांडला, तर रुग्ण याच्या अगदी उलट वागतो. हलल्याबरोबर भाल्यासारखं टोचतं, म्हणून तो हलतच नाही. गुडघे पोटाशी घेऊन, श्वास वरवर घेत, गप्प पडून राहतो. खोकला आला तर कण्हतो. रिक्षा खड्ड्यातून गेली की ओरडतो. पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं ताठ लागतं. घरचे मात्र म्हणतात, “आता जरा शांत झालाय, डोळा लागलाय, उठवू नका.” लोळणारा वाचतो आणि गप्प पडलेला हातचा जातो असं होण्यामागे हे एक कारण आहे. शांतता म्हणजे आराम ही समजूत पोटाच्या बाबतीत टाकून द्यायला हवी.

शिवाय रोग मध्येच खोटा दिलासाही देतो. जठराचा किंवा त्याच्या पुढच्या लहान आतड्याचा व्रण फुटला की पहिली कळ भयंकर असते. मग काही तासांनी ती ओसरल्यासारखी वाटते, घाम थांबतो, चेहऱ्यावर थोडा रंग येतो. सांडलेल्या आम्लाला पोटाच्या पडद्याने पाणी सोडून पातळ केलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. संसर्ग त्याच वेळी पसरत असतो. अपेंडिक्स फुटल्यावरही आतला दाब गेल्यामुळे थोडा वेळ हलकं वाटतं. ‘थांबलं बघा, म्हटलं होतं ना गॅस’ हे वाक्य नेमकं याच तासांत उच्चारलं जातं. डेन्मार्कमध्ये व्रण फुटून ऑपरेशन झालेल्या २६६८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्पितळात दाखल झाल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या प्रत्येक तासाच्या विलंबामागे वाचण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी कमी होत गेलेली त्यात दिसली. हे तास इस्पितळातले आहेत. घरी सोड्यावर काढलेले तास त्याच्या आधीचे.

व्रण फुटण्याचं एक मोठं कारण तर आपल्या घरच्या डब्यातच असतं. सांधेदुखी, कंबरदुखीसाठी महिनोन्महिने मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराचं अस्तर कुरतडतात. ऊसतोडीला जाणारा, वीटभट्टीवरचा, हमाली करणारा माणूस अंगदुखीची गोळी खाल्ल्याशिवाय उभा राहू शकत नाही. अशा माणसाच्या पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ आली, तर आणखी एक गोळी देऊन झोपवणं हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे.

अपेंडिक्सबद्दल लोकांना ‘उजव्या बाजूला खाली दुखतं’ एवढंच ठाऊक असतं, आणि तिथे दुखत नाही म्हणून पहिले बारा तास वाया जातात. सुरुवात बहुधा बेंबीभोवती, संदिग्ध अशा दुखण्याने होते. भूक मरते, मळमळतं, एखादी उलटी होते आणि मग दुखणं सरकत सरकत उजवीकडे खाली स्थिर होतं. जुन्या सर्जनांची एक खूण आजही कामाची आहे: आधी दुखणं आणि मग उलटी असा क्रम असेल तर अपेंडिक्सचा संशय वाढतो, आधी उलट्या-जुलाब आणि मग कळा असतील तर बहुधा पोट बिघडलेलं असतं. या दिवशी पोट चोळणं, बेंबीवर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालणं, कोठा साफ होण्यासाठी एरंडेल पाजणं हे सगळं वाईट. सुजलेल्या, फुटायला आलेल्या आतड्याला जोरात हलवण्याचाच तो प्रकार आहे.

‘थांबून बघू’ची परंपरा डॉक्टरांमध्येही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात उजव्या बाजूच्या या दुखण्याचं मूळ मोठ्या आतड्याच्या टोकाशी आहे असं मानत, अफू देत आणि विश्रांती घ्यायला लावत. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी शवविच्छेदनांच्या आणि रुग्णांच्या नोंदी पुढे ठेवून दाखवलं की मूळ अपेंडिक्समध्ये आहे, आणि दुखणं पसरत चाललं असेल तर पहिल्या दिवसानंतरच ऑपरेशनचा विचार झाला पाहिजे. त्यांना विरोध झाला, आणि तोही ‘बहुतेक आपोआप बरे होतात’ याच मुद्द्यावर. ज्यांना हा मुद्दा आज नवा आणि विवेकी वाटतो, त्यांनी तो सव्वाशे वर्षांपूर्वी खोडला गेलाय हे लक्षात घ्यावं.

त्याची आधुनिक आवृत्ती अशी: आता अपेंडिक्स अँटिबायोटिकनेही बरं होतं, मग घाई कशाला? अँटिबायोटिक हा काही रुग्णांसाठी मान्य पर्याय आहे हे खरं. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रुग्ण तपासून, स्कॅन करून, पोटभर पसरलेला संसर्ग नाही ना हे पाहून मगच निवडलेले होते, आणि तरीही अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी दर दहांमागे सुमारे तिघांना नव्वद दिवसांच्या आत ऑपरेशन लागलं. तो इस्पितळात जाऊन मिळालेला पर्याय आहे. घरी उरलेल्या स्ट्रिपमधल्या दोन कॅप्सूलना तो लागू होत नाही.

आतडं अडकलं असेल तर कळा येतात आणि जातात, त्यामुळे ‘अधूनमधून थांबतंय’ म्हणून घर निवांत राहतं. पोट फुगत जातं, उलट्या हिरव्या होतात, पुढे त्यांना शौचासारखा वास येतो, आणि मुख्य म्हणजे वारा सरत नाही. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेलं असलं किंवा जांघेत वर्षानुवर्षं येणारी-जाणारी हर्नियाची गाठ आज कडक होऊन आत जाईनाशी झाली, तर तो रात्रीतच नेण्याचा रुग्ण आहे. अशा गाठीवर दाब देऊन ती बळाने आत ढकलण्याचा प्रयोग करू नये. पित्ताशयातल्या खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा, दारूच्या बैठकीनंतर वरच्या पोटातून पाठीत आरपार जाणारं आणि उलटी होऊनही न हटणारं दुखणं, मुतखड्याबरोबर ताप किंवा लघवी बंद, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, उभं राहताच चक्कर, यांतलं काहीही सकाळसाठी ठेवायचं नसतं.

आता ‘ॲसिडिटी’. या शब्दाने आपल्याकडे किती माणसं नेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण श्रद्धांजलीच्या भाषणांत ती ऐकू येते: ‘रात्री थोडी ॲसिडिटी झाली होती.’ हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका वरच्या पोटात, छातीच्या हाडाखालच्या खळगीत दुखू शकतो. मळमळ होते, ढेकर येतात आणि माणूस सोडा मागतो. मधुमेह असेल, वय झालेलं असेल, रुग्ण बाई असेल, तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वरच्या पोटात नवं दुखणं, त्यात घाम, धाप किंवा जबड्यात-हातात अवघडलेपण असेल तर आधी ईसीजी, मग ॲसिडिटीची गोळी. ईसीजी काढायला काही मिनिटं लागतात. तो नीट आला आणि दुखणं चालूच राहिलं तर पुन्हा काढावा लागतो, म्हणून एका कागदावर समाधान मानून घरी परतू नये.

बायकांच्या पोटदुखीकडे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तिथे ‘बघू’ म्हणणारा आवाज सर्वांत मोठा असतो आणि दुखणारीचा सर्वांत लहान. पाळीत दुखतंच, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं असतं. त्यामुळे नेहमीपेक्षा वेगळं दुखलं तरी ती पहिल्यांदा स्वतःलाच गप्प करते. पाळी चुकलेली किंवा उशिरा, थोडं डाग लागल्यासारखं, ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाशी कळ आणि घेरी: हा गर्भाशयाबाहेर, नलिकेत रुजलेला गर्भ असू शकतो. नलिका फुटली की पोटात रक्त साठतं आणि बाहेर फारसं काही दिसत नाही. शंभर गर्भधारणांमागे एक-दोन अशा असतात, म्हणजे हे दुर्मीळ नाही. “हिचं तर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय” हे उत्तर इथे फार धोक्याचं आहे, कारण नसबंदीनंतर क्वचित गर्भ राहिलाच तर तो नलिकेत असण्याची शक्यता एरवीपेक्षा खूप जास्त असते. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर प्रश्न विचारायलाच घर लाजतं. लघवीची साधी चाचणी पाच मिनिटांत होते. ती करून घेण्यात मुलीच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही आणि तिला खोलीत एकटीला विचारण्याचा आग्रह डॉक्टरने धरला तर आईने रागावू नये. बीजकोशाला पिळा पडला तरी अशीच अचानक, उलटी आणणारी कळ येते, आणि तो वेळेत सोडवला नाही तर बीजकोश जातो. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत उजव्या बरगडीखाली दुखत असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, तर त्याला पित्त म्हणू नये; तो वाढलेल्या रक्तदाबाचा परिणाम असू शकतो आणि आई-बाळ दोघांनाही धोका असतो.

आणि निर्णय कोण घेतो? सूनबाई कळवळत असते, सासूबाई काढा करतात, नवरा कामावरून येईपर्यंत थांबायचं ठरतं, तो आल्यावर गाडी कोणाची मागायची यावर बोलणं होतं. या साखळीत जिचं पोट दुखतंय तिला कोणी विचारत नाही. मला वाटतं, ‘हे दुखणं मला नेहमीचं वाटत नाही’ एवढं तिचं वाक्य घराबाहेर पडायला पुरेसं मानलं जावं. बाळंतपणाच्या कळा सोसलेली बाई असं म्हणत असेल तर आणखी पुरावा कशाला हवा?

म्हाताऱ्यांचं पोट फसवं असतं. सत्तरीनंतर बऱ्याचदा ताप येत नाही, पोट ताठ होत नाही, रक्तातल्या पेशी वाढत नाहीत आणि तरी आत सगळं बिघडलेलं असू शकतं. बाबा ‘थोडं दुखतंय’ म्हणाले तर ते थोडं मानू नये. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या वृद्धाला भयंकर दुखतंय आणि हात लावल्यावर पोट मात्र मऊ आहे, ही विसंगतीच आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची खूण असू शकते. आयुष्यभर विडी-सिगारेट ओढलेल्या म्हाताऱ्याला पोटात-पाठीत एकदम दुखून घेरी आली तर महारोहिणीचा फुगा फुटल्याची शंका घ्यायची असते. दोन्ही ठिकाणी घरात बसून ओळखण्यासारखं काही नसतं, म्हणूनच निघायचं.

तान्ह्या बाळाचं उलट. ते सांगू शकत नाही. सहा महिने ते दोन वर्षांचं मूल पाय पोटाशी ओढून थांबून थांबून किंचाळतं, मधल्या वेळी मलूल पडतं, शौचातून लाल, शेंबडासारखं काही येतं: आतड्यात आतडं शिरल्याची ही खूण आहे. मेळघाटात फुगलेल्या पोटाच्या बाळाला तापल्या लोखंडाने चटके देण्याच्या डंबा प्रथेची बातमी आली की शहरात हळहळ होते. ती हळहळ खरी असावी, पण ग्राइप वॉटर पाजून रात्र काढणाऱ्या शहरी घरानेही तेच तास गमावलेले असतात. वयात येणारा मुलगा ओटीपोटात दुखतंय म्हणतो तेव्हा त्याला खरं दुखतंय ते कदाचित लाजेने सांगता येत नसतं. वृषणाला पिळा पडला तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो.

पावसाळ्यात गावाकडे आणखी एक शक्यता ध्यानात ठेवायलाच हवी. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात तीव्र कळा येऊन उठतो, उलटी होते, अंगावर कुठे काही दिसत नाही. मण्यार रात्री चावते, तिचे दात बारीक असतात, दंशाच्या जागी सूज जवळजवळ नसते. तासाभराने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि सर्पदंशावर जन्मभर जे काम केलं त्यानंतरही पहाटेच्या पोटदुखीला अपचन म्हणणं आपल्याला शोभत नाही.

आता इस्पितळांवरच्या अविश्वासाकडे येतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं त्याने डॉक्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं कोण म्हणेल? पण त्या ऑपरेशनांचा प्रकार पाहा. बायका अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात महिनोन्महिने दुखणं अशा तक्रारी घेऊन स्वतःच्या पायांनी गेल्या, त्यांना कॅन्सरची भीती घालण्यात आली आणि ठरवून ऑपरेशनं झाली. तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला आठवडे हाताशी होते. आपला सगळा संशय तिथे वापरला पाहिजे, पुरेपूर वापरला पाहिजे. मध्यरात्रीच्या तीव्र पोटदुखीत नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्त-लघवी, सोनोग्राफी यांतलं काहीच कापाकापीचं नाही. कॅज्युअल्टीत पाऊल टाकणं म्हणजे ऑपरेशनला संमती नव्हे. खासगीची धास्ती असेल तर ससून, केईएम, जे. जे., घाटी, नागपूरचं मेयो आणि मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ इथे रात्रीही सर्जन असतात, आणि त्यांना तुमचं पोट कापून एक पैसा जास्त मिळत नाही. दारातच अनामत रक्कम मागून अडवलं तर सर्वोच्च न्यायालयाचे १९८९ आणि १९९६ चे निर्णय तातडीचे उपचार नाकारण्याच्या विरोधात उभे आहेत.

डॉक्टरी पेशावर आणि इस्पितळांवर गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये केली तेवढी कठोर टीका आजच्या कोणत्याही व्हॉट्सॲप संदेशात सापडणार नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला आणि १२ तारखेला त्यांना ससूनमध्ये आणलं गेलं. मुंबईहून त्यांच्या विश्वासातले डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना गाठण्याचा प्रयत्न झाला, पण ते येईपर्यंत थांबणं धोक्याचं आहे असं कर्नल मॅडॉक यांचं मत पडलं. मॅडॉक हे गांधीजींना कैदेत ठेवणाऱ्या सरकारचे सर्जन. अविश्वासाला याहून सबळ कारण कोणाला मिळणार? गांधीजींनी संमती दिली आणि तसं निवेदन सही करून दिलं. त्या रात्री वादळात वीज गेली आणि ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. तत्त्व त्यांनी सोडलं नव्हतं, पुढेही निसर्गोपचारावर त्यांची निष्ठा राहिली. त्या दिवशी तपासून आलेलं मत हे तत्त्वचर्चेच्या आधी ऐकायचं असतं, एवढं त्यांनी मानलं. आपला संशय गांधीजींच्या संशयापेक्षा खोल आहे का?

वेदनाशामकाबद्दल दोन उलटसुलट चुका चालतात. घरी इंजेक्शन घेऊन दुखणं थांबलं की माणूस झोपतो. औषधाने कळ गेली, भोक तसंच राहिलं. आणि इस्पितळात काही ठिकाणी अजून ‘निदान होईपर्यंत दुखणं दाबायचं नाही’ म्हणून रुग्णाला तासन्‌तास कळवळू देतात. १९९० नंतरच्या चाचण्यांनी ही भीती निराधार ठरवली आहे: वेदना कमी केल्याने निदानात चुका वाढत नाहीत, उलट पोट नीट तपासता येतं. इस्पितळात पोहोचल्यावर दुखणं कमी करण्याचं औषध मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

खर्चाची बाजूही उलटी आहे. न फुटलेल्या अपेंडिक्सचा रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. फुटल्यावर पोट धुणं, नळ्या, अतिदक्षता, पुन्हा संसर्ग, आठवडे जातात. वाचवायला निघालेले पैसे तिथेच जातात, त्यात मजुरीही बुडते. एका फुकट गेलेल्या फेरीची आणि याची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून कोणीच घरी थांबू नये का? थांबावं. घरातल्या तिघांना एकच जेवण बाधलंय, जुलाब होताहेत, कळ येते आणि पूर्ण जाते, मधल्या वेळी माणूस चालतो-बोलतो, पाणी पोटात राहतं, पोट मऊ आहे, तर रात्र काढायला हरकत नाही. पण कोणीतरी जागं राहून दर तासाला पाहिलं पाहिजे. दुखणं वाढतंय का, एका जागी बसतंय का, पोट फुगतंय का, माणूस गप्प होतोय का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की निघायचं. निघताना खायला काही द्यायचं नाही. कळ किती वाजता आणि कुठे सुरू झाली, शेवटची पाळी कधी आली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी कोणतं ऑपरेशन झालं हे सांगता यायला हवं. दुखणं दाबण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनचं नावही. माणूस थंड पडलाय, घामाघूम आहे, घेरी येतेय, तर दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये, १०८ ला फोन करावा. ही मोफत सेवा महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून आहे.

गावाकडचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: “जाऊन उपयोग काय? तालुक्याला रात्री सर्जन नसतो, भूल देणारा नसतो, शेवटी जिल्ह्यालाच पाठवतात.” ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र तिच्यातून थांबण्याच्या बाजूचा निष्कर्ष निघत नाही. पुण्याच्या कोथरुडात राहणारा माणूस दोन तास पाहू शकतो, कारण इस्पितळ त्याच्यापासून अर्ध्या तासावर आहे. भामरागड, धडगाव, मोखाडा इथल्या पाड्यावरच्या माणसाचे तेच दोन तास रस्त्यावर जाणार असतात, शिवाय एका इस्पितळातून दुसऱ्यात जाण्याचे वेगळे. त्याने शहरातल्यापेक्षा आधी निघायला हवं, आणि निघण्यापूर्वी फोन करून कुठे आज रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत हे विचारून थेट तिथेच जायला हवं. हे विचारल्यावर उत्तर देणारं कोणी फोनवर नसेल, तर रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाआधी रात्रपाळीचा तक्ता मागा: भूलतज्ज्ञ कोण, कोणत्या वारी, त्याचा नंबर काय, आणि तो दाराबाहेर लिहिलाय का.